चार गियर मागे, एक पुढे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी कधी नीट ओळख झाली नाही. कुठं वेलांटी चुकली असेल, कुठं अनुस्वार राहिला असेल, तर ज्याच्या हातात हे पडेल त्यानं सांभाळून घ्यावं. कोणाच्या हातात पडू नये अशीच माझी इच्छा आहे. दुपारी घर झोपलं की मी लिहायला बसते आणि कोणाची चाहूल लागली की कागद डाळीच्या डब्याखाली सरकवते. मला लहानपणापासून बोलायची लाज वाटते. लिहायची तेवढी वाटत नाही, कारण कागद मध्येच काही विचारत नाही.

आमचं घर बऱ्हाणपुरात, लूमच्या गल्लीत. घरोघरी पॉवरलूम, आणि ते चालू असले की आमच्या फळीवरची भांडी आपोआप वाजायची. वीज गेली की एकदम अशी शांतता पडायची की आई चुलीपुढून विचारायची, काय झालं, कोण गेलं. गल्लीतली माणसं मोठ्यानं बोलायची ती भांडकुदळ म्हणून नाही, लूममुळे. मी एकटीच हळू बोलायची, म्हणून मी काय बोलते ते गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. काही जणांना तर मी मुकी वाटायची, आणि मला ते सोयीचंच होतं. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि लसणाची चटणी, दुपारी कच्च्या केळीची भाजी, संध्याकाळी खिचडी. भाजी नको म्हणावी तर म्हणायला लागायचं, म्हणून मी ती खायची.

माझे आजोबा बैलगाड्या घडवायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लाकूड सोडलं आणि एका वकिलाची जुनी मोटार विकत घेतली. काळी, जाडजूड, उन्हात उभी केली की म्हैस बसल्यासारखी दिसायची. लग्नसराईत ती नवरदेवाला नेई आणि एरवी बाळंतिणीला. आमचं घर त्या गाडीवर चालायचं. आप्पांच्या मानेचं मात्र एक होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यापासून त्यांची मान वळत नव्हती. मागून कोणी हाक मारली तर ते सबंध वळायचे, कपाट वळवावं तसे.

संक्रांत झाली, लग्नं सुरू झाली, आणि एका वरातीत नवरदेवासोबत त्याच्या सगळ्या मावश्या गाडीत बसल्या. नको म्हणणं आप्पांना जमत नसे. हा गुण माझ्यात त्यांच्याकडूनच आला आहे. रस्त्यात मागून कडाड असा आवाज आला आणि गाडी बसली. बैलगाडीला जसा आख असतो, ज्यावर दोन्ही चाकं फिरतात, तसा मोटारीलाही मागे एक आख असतो. त्याच्या पोटात दातेरी चाकं असतात. ते दाते तुटले होते. मावश्या उतरून पायी गेल्या, आणि त्यातली सर्वांत वजनदार मावशी जाता जाता म्हणाली की तुमची गाडी फार नाजूक आहे.

तसाच दुसरा आख बऱ्हाणपुरात मिळेना, खंडव्यालाही मिळेना. गाडीच इतकी जुनी की तिचं नाव ऐकून दुकानदार हसायचे. शेवटी माझ्या मामाला भंगारात एका दुधाच्या व्हॅनचा आख सापडला. मामा म्हणजे आईचा भाऊ, लूमचा मिस्त्री. गल्लीतल्या कुठल्याही लूमला ताप आला की मामाला बोलवायचे. मोटारीला त्याने कधी हात लावला नव्हता, पण ती गोष्ट त्याच्या मनाला लागत नव्हती. "फिकर नका करू दाजी," तो आप्पांना म्हणाला. "मशीन ती मशीन. लूम कपडा काढतं, मोटार रस्ता काढते. फरक काय?"

आखाला पैसे हवेत. ते दिले आत्याने. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, डोईफोडियाला दिलेली. तिचा कापूस नुकताच विकला गेला होता. ती बोलायला लागली की लूम कमी वाटायचे. तिने पैसे आप्पांच्या हातावर ठेवले, मग मला पुढे ओढलं, कपाळावर कुंकू लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "परत नाही आले तरी चालतील भाऊ. परक्याला थोडेच देते? माझी सून तर इथंच वाढते आहे." सगळे हसले. आमच्याकडे भाचीवर आत्याचा पहिला हक्क मानतात, आणि आत्याला बाळू नावाचा मुलगा होता. मला तेव्हा सतरावं सरत होतं.

बाळू वाईट नव्हता. तो केळी खायचा आणि हसायचा. पण मी एका उन्हाळ्यात आत्याकडे राहून आले होते. त्या घरात प्रत्येकाला दिवसभर काहीतरी विचारलं जायचं आणि उत्तर दिल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही. काय ग, झोप लागली का, का नाही लागली, कोणत्या कुशीवर झोपली होती. माझा सगळा जन्म तिथे उत्तरं देण्यात गेला असता. मी परसात जाऊन कुंकू धुऊन टाकलं. आईने ते पाहिलं. त्या रात्री जेवताना आईने आप्पांना सरळ विचारलं की पोरीच्या मनात नसेल तर. आप्पांनी खिचडीवर तेल घेतलं. मग म्हणाले, "आक्काचा पैसा अंगावर आहे तोवर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? पैसा फिटू दे. फिटला की तोंड उघडतो." आत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची होती आणि तेव्हाच कुंकवाचा कार्यक्रम उरकायचा तिचा बेत होता. तेवढी मुदत होती.

आता आखाचं सांगते. आमच्या गाडीच्या लोखंडी पाट्यांना आख ज्या जागी बसतो, तिथे आखावर बैठका असाव्या लागतात. या व्हॅनच्या आखाच्या बैठका नेमक्या खालच्या बाजूला होत्या. मामा आणि आप्पा अंगणात त्याच्याकडे बघत बसले. त्या बैठका कापून वर जोडायच्या तर वेल्डिंगवाला आला, त्याचे पैसे आले. मग मामाला सुचलं की आखच उलटा करावा. उलटा केला तर बैठका आपोआप वर. आप्पांनी लगेच मान्य केलं, कारण बैलगाडीच्या आखाला उलटं-सुलटं नसतं, आजोबा तो हवा तसा घालायचे. आख इतका बरोबर बसला की मामाने आईला बाहेर बोलावून दाखवला. एक-दोन बारीक गोष्टी खटकल्या. तेल भरायचं भोक खाली गेलं होतं आणि तेल काढायचं वर आलं होतं. चाकं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आली होती, म्हैस फेंगडी उभी राहावी तशी. मामा म्हणाला, त्याने गाडीला रुबाब येतो.

दुसऱ्या दिवशी दापोऱ्याला लग्न लागायचं होतं. नवरदेव आमच्याच गल्लीतला, मास्तरांचा मुलगा. सकाळी नारळ फोडला, गाडीपुढे कोणी उभं राहू नका असं मामाने सगळ्यांना बजावलं, म्हणून सगळे गाडीच्या मागे उभे राहिले. आप्पांनी पहिला गियर टाकला. गाडी मागे आली. माणसं कोंबड्यांसारखी पांगली. शेजाऱ्यांनी गल्लीत रंगवलेलं सूत ताणून वाळत घातलं होतं, गाडी त्यात शिरली आणि निळी-हिरवी होऊन थांबली. आप्पांनी दुसरा गियर टाकून पाहिला, गाडी आणखी जोरात मागे गेली. मग घाबरून त्यांनी मागचा गियर टाकला, तर गाडी हळूहळू, गुरगुरत, पुढे आली.

मामा अजिबात डगमगला नाही. त्याने सांगितलं की लूमचंही कधी कधी असं होतं. मोटर उलटी फिरायला लागते. मोटरच्या दोन तारा आलटून पालटून लावल्या की लूम सुलट चालतं. लूमच्या बाबतीत हे खरंच आहे, मी स्वतः पाहिलं आहे. मग त्याने मोटारीत कोणत्या दोन तारा आहेत ते शोधलं आणि बॅटरीच्या सापडल्या. त्या आलटून पालटून लावल्यावर धूर निघाला आणि हॉर्न जो वाजायला लागला तो तार तोडेपर्यंत थांबला नाही. ज्याने आख विकला तो भंगारवाला आवाज ऐकून बघायला आला. वाकला, खाली पाहिलं, आणि म्हणाला की आख उलटा घातलाय, म्हणून चाकं उलटी फिरतात. मामाने त्याला विचारलं की आखाला कसलं आलंय उलटं-सुलटं. त्यावर दोघांचा पुष्कळ वेळ वाद झाला आणि गल्लीचं मत मामाच्या बाजूने पडलं. पण गाडी भंगारवाल्याच्या बाजूने होती. चार गियर मागे आणि एक पुढे, तोही माणूस चालतो त्या चालीचा.

आख काढून, बैठका जोडून परत घालायला वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता. मास्तरांचा बयाणा आप्पांनी खर्च केला होता. तेव्हा दापोऱ्याला मागे मागेच जायचं ठरलं. आप्पांची मान वळत नाही, म्हणजे मागे बघायला कोणीतरी पाहिजे. आधी मामाला बसवलं. मामा बघायचा चांगलं, पण सांगायचा उशिरा, आणि त्यात स्वतःचं मत घालायचा. खड्डा येईल असं वाटतंय, असं तो म्हणायचा तेव्हा आम्ही खड्ड्यात असायचो. आई म्हणाली कुसुमला बसवा, तिचे डोळे चांगले आहेत. डोळे चांगले होते, पण माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचेना. मी खड्डा म्हणायची, आप्पा म्हणायचे, काय? मग आप्पांनाच सुचलं. घरात आजोबांच्या बैलांचे दोन कासरे होते. गाडीचं मागचं झाकण काढून टाकलं, मी मागे तोंड करून सामानाच्या जागेत गोधडीवर बसले, मागची काच पूर्वीच फुटलेली होती, तिच्यातून कासरे आत घेतले, छताच्या पडद्याच्या कड्यांतून ओवले आणि एकेक आप्पांच्या एकेका दंडाला बांधला. डावीकडचा ओढला की गाडी डावीकडे, उजवीकडचा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की थांब. आजोबांचे बैल अशानेच चालायचे आणि आप्पाही चालले.

आता माझा नातू मोटार मागे घेतो तेव्हा त्याच्या समोर एक पडदा उजळतो आणि त्यात मागचा रस्ता दिसतो. टुंग टुंग वाजतंही. तो मला कौतुकाने दाखवतो, आजी बघ, मागे कॅमेरा आहे. मी बघते आणि छान आहे म्हणते. आमच्या गाडीचा तो कॅमेरा मी होते, हे त्याला सांगायचं म्हणजे पुढचं सगळं सांगावं लागेल, म्हणून सांगत नाही.

दापोऱ्याच्या वेशीवर मुलीकडचे आरत्या घेऊन उभे होते. केळीच्या बागांमधून धूळ उडवत एक काळी मोटार ढुंगण पुढे करून आली, त्या ढुंगणात एक पोरगी कासरे धरून बसलेली, आणि नवरदेव कुठे दिसेना. बँडवाला वाजवायचा थांबला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. मी मान खाली घातली आणि दोन्ही कासरे ओढले. मुलीकडच्या पुरुषांनी मास्तरांना विचारलं की हा काय अपमान आहे, नवरदेव पाठ दाखवत येतो. मास्तर काही बोलणार तेवढ्यात नवरीची थोरली मावशी पुढे आली. तिला चांगलं दिसत नव्हतं आणि म्हणून तिचं सगळे ऐकायचे. तिने गाडीला हात लावून पाहिलं, सगळा प्रकार समजून घेतला, आणि म्हणाली, "पाठ दाखवत आला तेच बरं. तोंडच नाही दिसलं तर नजर कोणाला लागणार?"

बँडवाल्याने पुन्हा वाजवायला घेतलं. मग गाडी वळवून घेतली आणि वरात निघाली, त्या एकुलत्या पुढच्या गियरमध्ये. वरातीला नेमकी तीच चाल लागते. एरवी आप्पांचा पाय क्लच दाबून दाबून सुजायचा, नाचणाऱ्यांच्या पायावर गाडी चढेल ही धास्ती असायची. त्या दिवशी आप्पा पाय सोडून आरामात बसले आणि लोकांनी दिलेली मावा जिलेबी खात राहिले. मीही मागे बसून खाल्ली. माझ्यासमोर कोणी नाचत नव्हतं, सगळे गाडीपुढे होते, त्यामुळे मला त्या वरातीत फक्त रिकामा रस्ता दिसला, आणि तो मला फार आवडला.

त्या लग्नात नवरदेवाला नजर लागली नाही, निदान तसं सगळे म्हणाले. आठवडा झाला नाही तो चांदनीहून एक जण आला आणि उलटी गाडी पाहिजे म्हणाला. मग आणखी आले. आप्पांनी एकाला प्रामाणिकपणे सांगितलं की चार पैसे जमले की मी गाडी सुलट करून घेणार आहे, तर तो म्हणाला, सुलट असेल तर आम्हाला नको, सुलट गाड्या खूप आहेत. मामा आता गल्लीतून असा चालायचा की जणू त्याने हे ठरवून केलं होतं. एका नवरदेवाने हट्ट धरला की जिकडे गाडी जाते तेच पुढचं, म्हणून मी पुढे, म्हणजे मागे, कुसुमच्या शेजारी बसणार. त्याच्या आईने त्याचा कान धरून आत बसवला. एकदा शहराच्या दरवाजाजवळ शिपायाने अडवलं. "गाडी उलटी क्यूं चला रहे हो?" आप्पा म्हणाले, "साहब, मैं तो सीधीच चला रहा हूं. गाडी उलटी है." शिपायाने गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, बाएं से चलो. आप्पांनी नम्रपणे विचारलं की किसके बाएं से. तेव्हा त्याने हाताने जा म्हणून सांगितलं.

एक नियम मात्र आप्पांनी तेव्हापासून केला. एका वरातीत नवरदेवाच्या काकाने आतून अहो डावीकडे, डावीकडे म्हणून ओरडून सांगितलं, आप्पांनी स्वतःचं डावं धरलं, आणि गाडी केळीच्या बागेत जाऊन उभी राहिली. लोंगर, म्हणजे केळीचा सबंध घड, टपावर पडला. त्यानंतर आप्पा म्हणाले, गाडी मागे चालत असताना मी कोणाचं ऐकणार नाही, देव आला तरी नाही. फक्त कासरा.

पैसा येत होता. आप्पा थोडा जमला की डोईफोडियाला जाऊन आत्याला देऊन यायचे. पहिल्या खेपेला तिने घेतला, दुसऱ्या खेपेलाही घेतला. शेवटचा थोडा राहिला तेव्हा मात्र तिने हात मागे घेतला. राहू दे म्हणाली, थोडं देणं राहिलं म्हणजे येणं-जाणं राहतं, सगळं फेडून टाकणं हे परक्याचं लक्षण. आप्पा रुमालात बांधलेले पैसे तसेच परत घेऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा आणले. तिने त्यांना जेवू घातलं, बाळूसाठी शिवलेला नवा शर्ट दाखवला, आणि पैशांचं नाव काढलं की कानावर पदर ओढला. आई म्हणाली, तिला पैसे नकोत, तिला पोरगी पाहिजे, आणि तुम्हाला ओरडून घ्या म्हणणं या जन्मी जमायचं नाही. आप्पा म्हणाले, खरं आहे.

अशात आखाजी आली. झाडांना झोके बांधले गेले, घरोघरी खापरावरचे मांडे होऊ लागले, आमरसाचा वास गल्लीत सुटला. आखाजीला भावाने जाऊन बहिणीला घेऊन यायचं असतं. आप्पा गाडी घेऊन निघाले, म्हणजे मीही निघाले, कारण मी नसले तर गाडीला डोळे नाहीत. निघताना आईने तो रुमाल माझ्या ओटीत खोचला. ती एवढंच म्हणाली, "तुझे आप्पा देणार नाहीत. तू बघ."

आत्या नटून बसली होती. पाटीभर कैऱ्या, माझ्यासाठी हिरव्या बांगड्या, आणि बोलणं. उलटी गाडी तिने ऐकली होती, पण बसली पहिल्यांदाच. मागच्या बाकावर मांडी घालून बसली, डोक्यावरून जाणारे कासरे पाहून हसली, म्हणाली की वाळत घालायला बरे आहेत. गाडी हलली आणि तिने सुरुवात केली. मी तिच्या पाठीमागे, म्हणजे प्रवासाच्या हिशोबाने तिच्या पुढे. कुंकू आखाजीच्या दिवशीच लावू, लग्न पुढच्या महिन्यात, पोर मुकी आहे ते बरंच आहे, माझ्या घरात बोलायला मी आहे. आप्पा हूं हूं करत होते. मी रस्ता बघत होते आणि ओटीतला रुमाल मला पोटाशी टोचत होता.

तिथून निघालं की एक मोठा उतार लागतो. आता तो रस्ता रुंद झाला आहे, तेव्हा अरुंद होता, दोन्हीकडे बाभळी. आप्पांनी शेवटचा गियर टाकला. सुलट बसलेल्या माणसाला वेग कळतो तो वेगळा आणि उलट जाणाऱ्याला कळतो तो वेगळा. मला समोर रस्ता दिसत होता, म्हणून मला काही वाटलं नाही. आत्याला मात्र बाभळी पाठीमागून येऊन कानाजवळून पुढे पळताना दिसत होत्या, आणि पुढे काय येणार ते काहीच दिसत नव्हतं. तिचं बोलणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसलेली मी ऐकली. मग ती आप्पांना म्हणाली, भाऊ थांबव. आप्पा थांबले नाहीत. ती ओरडली. आप्पांनी शांतपणे सांगितलं की आक्का, मागे चालताना मी कोणाचं ऐकत नाही. पाटी कलंडली, कैऱ्या तिच्या पायाशी लोळायला लागल्या. तिने फुटक्या काचेतून मागे हात घातला आणि माझा खांदा धरला.

"कुसमे, ओढ ती दोरी. थांबव."

मी म्हणाले, "आत्या."

एवढ्या जवळून माझा आवाज तिने बहुधा पहिल्यांदा ऐकला.

"काय? थांबव आधी."

"उरलेले पैसे घे."

"घरी गेल्यावर बघू ग बाई."

मी कासरे हातात धरून ठेवले. समोरून बैलगाडी येत होती, तिच्यासाठी डावा थोडा ओढला. गाडी बाभळीकडे गेली, एक फांदी आत्याच्या दारावर खरवडत गेली. मग उजवा ओढून परत रस्त्यावर आणली. ते करणं भागच होतं, पण आत्याला ते तसं वाटलं नसावं.

"दे," ती म्हणाली. "दे, दे, मेले, कुठे आहेत?"

मी एका हाताने रुमाल काढला आणि काचेतून आत दिला. तिची मूठ त्यावर आवळलेली पाहिली आणि दोन्ही कासरे ओढले. आप्पांनी ब्रेक दाबला. धूळ खाली बसली. मग आप्पा सबंध वळून म्हणाले, काय झालं?

आत्या खाली उतरून बाभळीच्या सावलीत बसली. पाणी प्यायली. माझ्या हातातल्या कासऱ्यांकडे तिने एकदा पाहिलं. मग आप्पांना म्हणाली, "भाऊ, पोर गरीब आहे म्हणून मी मागत होते. ही गरीब नाही. ही माझ्या बाळूला कासरा बांधेल." आप्पांना काय घडलं ते अजून नीट कळलं नव्हतं, पण नाही म्हणायची वेळ आपल्यावर येणार नाही एवढं कळलं, आणि त्यांनी घाम पुसला.

पुन्हा मागे मागे जाणाऱ्या गाडीत बसायला आत्याने साफ नकार दिला. तेव्हा गाडी वळवली आणि आम्ही पुढच्या गियरमध्ये निघालो, बऱ्हाणपूरपर्यंत उरलेला सगळा रस्ता वरातीच्या चालीने. बैलगाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. एका गाडीवानाने विचारलं, नवरदेव कुठंय? इंजिन तापलं की विहीर बघून थांबायचं, पाणी ओतायचं, पुढे निघायचं. आत्याला भरपूर वेळ होता. तिने रुमाल मांडीवर सोडला आणि नोटा मोजायला घेतल्या. मोजल्या, परत मोजल्या. एक नोट फाटकी निघाली, ती तिने आप्पांच्या खांद्यावरून पुढे केली. आप्पांनी चालत्या गाडीतून खिसा चाचपला आणि दुसरी दिली. तिने ती उजेडाकडे धरून पाहिली, बाकीच्यांत मिसळली, सगळ्यांची घडी केली आणि कमरेच्या पिशवीत खोवून नाडी ओढली.

"फिटले," ती बाहेर केळीच्या बागांकडे बघत पुटपुटली.

आप्पांची मान वळत नव्हती, पण कान शाबूत होते. तरी ते म्हणाले, "काय म्हणालीस आक्का? इंजिनात ऐकू नाही आलं."

"फिटले, म्हटलं," आत्या मोठ्यानं म्हणाली. "सगळे फिटले. तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही."